पद्मिनीचा सेल्फ बिचारा निर्दोष होता : तीन बिलं आणि तांब्याची एक पट्टी

एका प्रीमियर पद्मिनीची तीन बिलं समोर आहेत. पहिल्यावर ‘सेल्फ ओव्हरहॉल’, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची दुरुस्ती. तीन आठवड्यांनी दुसऱ्यावर ‘नवीन बॅटरी, नवीन कॉईल’. तिसऱ्यावर ‘कार्बोरेटर बदली, इलेक्ट्रॉनिक इग्निशन’. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधून झटक्यात सुरू होऊन बाहेर पडली आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा दारात रुसून बसली. दोष होता इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीत. तिची किंमत तिन्ही बिलांच्या कोपऱ्यातही दिसली नसती.

ही फसवणूक पचते कशी, ते आधी बघा. सेल्फ उतरवायचा म्हणजे बॅटरीची वायर काढावी लागते, जाड केबलचा नट सोडावा लागतो, आजूबाजूचं सगळं हलतं. परत बसवताना तेच नट घट्ट आवळले जातात. गंजलेला जोड तेवढ्यापुरता घासला जातो आणि गाडी सुरू होते. मालकाला वाटतं, सेल्फच गेला होता. इंजिनाच्या थरथरीने जोड पुन्हा सैल पडला, की मेकॅनिक पुढच्या पार्टकडे बोट दाखवतो. सगळेच मुद्दाम करतात असं नाही. काहींना खरंच कळत नाही. पण बिल दोघांचं सारखंच येतं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीकडे परतणाऱ्या करंटला ही अर्थिंगची पट्टी हाच सरळ रस्ता. सेल्फ फिरताना शे-दीडशे अँपिअर ओढतो. जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतात. सेल्फ रडत फिरतो, स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉईललाही कमी मिळतं, स्पार्क अशक्त पडतो. म्हणून अशी गाडी बऱ्याचदा चावी सोडताना पकडते: सेल्फ थांबतो, व्होल्टेज वर येतं, इंजिन अजून फिरतच असतं. हे लक्षण दिसलं की कार्बोरेटरला हात लावू देऊ नका. आणखी एक खूण: चार-पाचदा सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर पट्टीने काम सोडलं आहे आणि करंट त्या बारीक तारेतून घरी परततोय.

इथे एक हातचलाखी हमखास होते. मेकॅनिक मल्टिमीटरची ‘बीप’ ऐकवून सांगतो, ‘साहेब, अर्थिंग एकदम ओके.’ एकच धागा शाबूत असला तरी बीप वाजते. साध्या मीटरला एवढा सूक्ष्म अडथळा मोजताच येत नाही. मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि व्होल्टमध्ये.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. कॉईलची मधली जाड वायर डेल्कोच्या (स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीतून काढून तिचं धातूचं टोक इंजिनाला पक्कं टेकवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, आधी चार्ज करा. आता मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. हा आकडा म्हणजे अर्थ ड्रॉप. तो ०.३ व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगमध्ये. मग लाल पिन क्लॅम्पवर, मग बॉडीवर सरकवा. जिथे आकडा उडी मारतो, तो जोड चोर. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट हीच चाचणी ०.५ व्होल्टच्या आत बसली पाहिजे.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. आधी निगेटिव्ह काढायची. पट्टीची दोन्ही टोकं आणि त्याखालचा रंग, गंज, तेल पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचं. दातेरी वॉशर टाकून आवळायचं, वरून ग्रीस. पट्टी हिरवी पडून धागे तुटत असतील तर नवीनच घाला.

हे आकडे बरोबर आले, बॅटरीही भरलेली आहे आणि तरी सेल्फ जड फिरतो, तर तो खुशाल उतरवा. त्यातही कार्बन (ब्रश) आणि बुश बदलून भागतं का, ते आधी विचारा. ‘एक्स्चेंज’ला भुलू नका: जुना लुकास-टीव्हीएस सेल्फ गॅरेजवाल्याकडे राहतो आणि तुमच्या हाती रंग मारलेला भलताच येतो. उतरवण्याआधी सेल्फच्याच बॉडीवर पंचने खूण करून फोटो काढून ठेवा.

थंड असताना सुरू होते पण तापल्यावर नाही, ही तक्रार वेगळी आणि लुटीला जास्त सोपी. स्पार्क आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर संशय कंडेन्सरवर, नंतर कॉईलवर. दुसऱ्या बिलातली ‘नवीन कॉईल’ बॅलास्टवाली, म्हणजे बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडून वापरायची निघाली: प्रायमरी गुंडाळी साधारण दीड ओहम. पद्मिनीच्या साध्या सर्किटला सुमारे तीन ओहमची लागते. दीडवाली थेट जोडली की ती भाजते आणि डेल्कोतले पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे) काळे पडतात. तिसऱ्या बिलात ‘पॉइंट टिकत नाहीत, इलेक्ट्रॉनिक घाला’ हा सल्ला तिथूनच उगवला. पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास. डेल्कोच्या बनावटीप्रमाणे थोडा फरक.

स्पार्क आहे, तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा आणि ॲक्सिलरेटर ओढून सोलेक्स कार्बोरेटरच्या घशात पाहा. पेट्रोलची पिचकारी उडाली नाही तर पेट्रोल पोचत नाही: टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा, नाहीतर पाइपात झालेली वाफ. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, तर वाफच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुन्या रबराचे पडदे आणि पाइप लवकर खराब होतात. ते बदलावेत, अख्खा कार्बोरेटर नव्हे.

गाडी देताना जॉब कार्डवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहू नका. ‘थंड असताना, चावी सोडताना पकडते, अर्थ ड्रॉप १.४ व्होल्ट’ असं लिहा, आणि खाली ‘जुने पार्ट परत हवेत’.