कोडं, रणांगण की घराणं? ऐतिहासिक कादंबरी निवडताना

मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, लांबवर जळणारं शहर आणि मलपृष्ठावर ‘रहस्य, युद्ध आणि नात्यांची गुंतागुंत’. बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्या अशाच दिसतात. तिन्ही गोष्टी आत असतातही, पण पुस्तक उभं असतं त्यातल्या एकीवर. उरलेल्या दोन तोंडी लावायला. ती एक कोणती, हे ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: शेवट आधीच कळला, तर वाचण्यात काय उरेल?

रहस्यकथेत फारसं उरत नाही. तिथे आपण शेवटासाठीच थांबलेलो असतो. मात्र ऐतिहासिक रहस्यकथेची खरी मजा गुन्ह्यात नसून तपासाची साधनं नसण्यात आहे. बोटांचे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. आर्सेनिक ओळखणारी भरवशाची चाचणी जेम्स मार्शनं १८३६ मध्ये शोधली. कथा त्याआधीची असेल तर विषाचा संशय घेता येतो, पुरावा देता येत नाही. मग तपास करणाऱ्याला माणसंच वाचावी लागतात: कोण कुणाला घाबरतं, कुणाला लिहिता-वाचता येतं, रात्री कुणाच्या हातात दिवा असू शकतो. त्यामुळे काळ कथेत आपसूक शिरतो, माहितीचे उतारे ओतावे लागत नाहीत.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे उम्बेर्तो एकोंची ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०). साल १३२७, उत्तर इटलीतला एक मठ, सात दिवस आणि एकामागून एक मृत्यू. तपास करणाऱ्या साधूच्या नाकावर चष्मा आहे, आणि तो त्या काळी नवलाचा आहे. पुस्तक जबरदस्त आहे, पण सुरुवात याच्यापासून करू नका. ख्रिस्त गरीब होता की नव्हता या वादात आणि लॅटिन उताऱ्यांत पहिली शंभर पानं दमछाक करतात. ती छाटा, असं सुचवलं गेलं तेव्हा एकोंनी साफ नकार दिला होता. डोंगर चढायचा तर त्याच्या चालीनं श्वास घ्यायला शिका, असं त्यांचं म्हणणं.

त्यापेक्षा एलिस पीटर्स यांची ब्रदर कॅडफेल मालिका सोपी. १९७७ ते १९९४ दरम्यानच्या २० कादंबऱ्या, काळ बाराव्या शतकातला, स्थळ इंग्लंडमधलं श्रूसबरी. नायक एकेकाळी क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात लढलेला, आता मठाची औषधी बाग सांभाळणारा साधू. बाहेर राजा स्टीफन आणि गादीवर हक्क सांगणारी मॉड यांची यादवी चालू असते, आत मुडदा सापडतो. कुठलंही पुस्तक उचललं तरी चालतं. जोसेफाइन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) तर आणखी वेगळी. पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस अधिकारी केवळ एक चित्र आणि पुस्तकं यांच्या आधारे तपासतो की इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डनं आपल्या पुतण्यांना खरंच मारलं का. रक्ताचा थेंब नाही, पान मात्र उलटत राहतं. पण हे एका वकिलाचं भाषण समजून वाचा, निकालपत्र नव्हे. रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला, पाठीचा कणा वाकडा होता हेही कळलं. पुतण्यांचा प्रश्न आहे तिथेच आहे.

युद्धकादंबरीत उलटी गत. शेवट शाळेतच सांगून झालेला असतो. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे माहीत असूनही विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) हातात धरली की सुटत नाही. कारण आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या माणसांना कधी उमगणार, याचीच आपण वाट पाहत असतो. एकच लढाई नीट समजून घ्यायची असेल तर मायकेल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ (१९७४) घ्या: अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई, जुलै १८६३, दोन्ही बाजूंच्या सेनानींच्या डोक्यात आळीपाळीनं शिरणारी प्रकरणं, सोबत नकाशे. नकाशे नसलेली युद्धकादंबरी घेताना मी दोनदा विचार करते. आणि नकाशे असतील तर छापील प्रत बरी. फोनवर टेकडी कुठली आणि ओढा कुठला काही कळत नाही.

आता टॉलस्टॉय. ‘वॉर अँड पीस’ मी दोनदा अर्धवट सोडली, दोन्ही वेळा नावांपायी. एकाच माणसाला कुणी पाळण्यातल्या नावानं हाक मारतं, कुणी वडिलांच्या नावासकट, कुणी पदवीनं. तिसऱ्यांदा पुस्तकात ठेवायच्या खुणेवरच नावं लिहून घेतली आणि गाडी मार्गी लागली. नेपोलियनविरुद्धची १८१२ ची बोरोदिनोची लढाई आपण पाहतो ती पांढरी टोपी घालून मैदानात शिरलेल्या पिएर नावाच्या मुलकी माणसाच्या नजरेनं. त्याला तिथलं काहीच कळत नाही, आणि लढाई आतून तशीच दिसत असावी हे आपल्याला मात्र पटतं. टॉलस्टॉय स्वतः सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्यात होते, ते जाणवतं. शेवटी जोडलेला दुसरा उपसंहार म्हणजे इतिहासावरचा निबंधच आहे; खुशाल सोडा. पण नेपोलियन हरणार हे ठाऊक असूनही मला ओढ होती ती नायिका नताशाचं पुढे काय होतं याची. माझ्या प्रश्नावर पारखली तर ही युद्धकादंबरी नाहीच, घराण्यांची गोष्ट आहे.

कुटुंबकथेत शेवट कळल्यानं काहीच बिघडत नाही. थॉमस मान यांनी ‘बडनब्रुक्स’च्या (१९०१) मुखपृष्ठावरच तो सांगून टाकला: उपशीर्षक आहे ‘एका कुटुंबाचा ऱ्हास’. जर्मनीतल्या ल्यूबेक शहरातले धान्य व्यापारी, चार पिढ्या, १८३५ ते १८७७. आणि लिहिणारा २५ वर्षांचा. १८४८ ची क्रांती या घरात येते ती जवळजवळ विनोद होऊन. जमाव प्रजासत्ताक मागतो, तेव्हा घरातला कर्ता पुरुष त्यांना सांगतो की बाबांनो, ते आपल्याकडे आहेच. मग ते म्हणतात, आणखी एक द्या. राजे आणि सनावळ्या वाचून ज्यांना झोप येते त्यांच्यासाठी हा प्रकार. इतिहास उंबऱ्याबाहेर उभा असतो आणि अधूनमधून कडी वाजवतो.

‘बडनब्रुक्स’ची चाल जड वाटली तर मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ (२०१७). जपानमध्ये राहणारं कोरियन कुटुंब, १९१० ते १९८९. वाक्यं साधी, वेग चांगला. दोष सांगायचा तर सगळ्याच पिढ्यांच्या कथांचा असतो तोच: ज्याच्यावर जीव जडतो तो अर्ध्या वाक्यात मरतो, आणि पुढच्या प्रकरणात त्याचा मुलगा मोठा होऊन समोर उभा. पुस्तक आठवडाभर बाजूला राहिलं तर आत्या कोण आणि चुलती कोण हेही विसरायला होतं. सुरुवातीला वंशवृक्ष छापलेला असेल तर मदत होते, पण कोणाचं लग्न कोणाशी ते त्यात आधीच फुटतं.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर टे किंवा कॅडफेल. इतिहासाची पुस्तकं वाचायची सवय असेल आणि कादंबरीवर विश्वास बसत नसेल तर शारा. दिवसाला दहा-बारा पानंच जमत असतील तर कुटुंबकथा बरी. रहस्य इतकं तुकड्यातुकड्यानं वाचलं की धागे हातून निसटतात.

शेवटच्या पानांवर ‘खरं काय, कल्पित काय’ सांगणारं लेखकाचं टिपण असतं. युद्धकादंबरीत ते आधी वाचलं तरी चालतं, उलट सोयीचं पडतं. कुटुंबकथेत केव्हाही. रहस्यकथेत मात्र ती पानं चुकूनही चाळू नका. टिपणाच्या पहिल्याच ओळीत खुन्याचं नाव वाचायची वेळ माझ्यावर आलेली आहे.