मृत्युपत्रात नाव नाही: वाटपाचा दावा लावायचा की मृत्युपत्राला आव्हान द्यायचं?

सज्ञान मुलामुलींना आईवडिलांच्या मिळकतीतून रास्त वाटा मिळालाच पाहिजे, असं मृत्युपत्र डावलून सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० नुसार वडील आपल्या मालकीचं कुणालाही लिहून देऊ शकतात. (मुस्लिम कुटुंबात नियम वेगळा: मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते.) नाव वगळलेल्यापुढे मग दोनच रस्ते उरतात.

आकडे मांडले की फरक कळतो. समजा कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात ६० गुंठे वडिलार्जित, म्हणजे पूर्वजांकडून चालत आलेली, ऊसशेती आहे. घरात वडील, आई, मुलगा, मुलगी. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं कायदा धरतो, म्हणजे प्रत्येकी १५ गुंठे. मृत्युपत्र फक्त वडिलांच्या १५ गुंठ्यांपुरतं चालतं. सगळं भावाला लिहिलं असलं तरी बहिणीचे १५ गुंठे शाबूत राहतात. मृत्युपत्र पडलं तर तिला आणखी ५ मिळतील. त्या ५ गुंठ्यांसाठी किती वर्षं भांडायचं, हे आधी ठरवा.

राजारामपुरीतलं घर वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलं असेल तर गणित उलटं. तिथे जन्मजात हिस्साच नाही. मृत्युपत्र पाडलं तर आई आणि दोघा भावंडांना प्रत्येकी एक तृतीयांश, नाही पाडलं तर काहीच नाही.

वाटपाच्या दाव्यात मिळकत वडिलार्जित आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यासाठी जुने सातबारा आणि फेरफार काढा. इथेच बहुतेकांची फसगत होते: आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १७ जून १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत धरली जाते. लग्न झालेल्या मुलीचा हक्क २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटप मोडत नाही.

मृत्युपत्राच्या भांडणात ते सिद्ध करण्याचा भार भावावर असतो. दोन साक्षीदारांपैकी किमान एक हयात असेल तर त्याला कोर्टात उभं करावं लागतं. नोंदणी झाली म्हणून ते खरं ठरत नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असताना, ज्याला लाभ त्यानेच पुढाकार घेऊन केलेलं मृत्युपत्र संशयास्पद ठरू शकतं. दवाखान्याची कागदपत्रं आणि बँकेतल्या जुन्या सह्या लगेच मिळवा. कोल्हापुरात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) सक्तीचं नसल्याने भाऊ आपलं नाव लावायला थेट तलाठ्याकडे जाईल. नोटिशीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत द्या. फेरफार झाला तरी मालकी ठरत नाही, पण खरेदीदार मात्र तोच पाहून येतो.

स्त्रियांना मिळकतीच्या वादात १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. पुरुषांना हिश्शाच्या किमतीवर भरावी लागते. वाटपाच्या हुकूमनाम्यानंतरही शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी करून होतं, आणि त्यात वेळ जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आमचं मत: वाटप मुख्य मागणी ठेवा आणि मृत्युपत्र बेकायदा ठरवण्याची मागणी त्याच दाव्यात घाला. मागणी सुटली तर नंतर वेगळा दावा अडू शकतो. सगळे हिस्सेदार, मृत बहिणीची मुलंसुद्धा, आणि सगळ्या मिळकती दाव्यात आणा. दावा लागताच लिस पेन्डन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोंद करून घ्या, नाहीतर जमीन परस्पर विकली जाते. डावललं गेल्याचं कळल्यापासून मुदत १२ वर्षं. दुःखाच्या दिवसांत पुढे केलेल्या हक्कसोड पत्रावर सही करू नका. ते रद्द करायला फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात.

अविवाहित किंवा विधवा मुलीला मृत्युपत्रात काही नसेल आणि स्वतःचं भागत नसेल, तर ती हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २२ खाली मिळकत घेणाऱ्यांकडून पोटगी मागू शकते. सज्ञान मुलाला ही सोय नाही.

भाऊ १५ गुंठे द्यायला राजी असेल तर दाव्याची गरजच नाही. सगळ्यांच्या सह्यांनी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करा.