प्रिटेन्शस म्हणावं की स्नॉब?

दोन्ही शब्द सर्रास एकाच माणसाला चिकटवले जातात, पण दोष वेगळे आहेत.

प्रिटेन्शस म्हणजे अंगात नसलेल्या गोष्टीचा आव. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर 'अवकाशाचं काव्य' वगैरे बोलायचं आणि लेणं वरून खाली कोरत आणलंय हेही ठाऊक नसायचं, हा अस्सल नमुना. स्नॉबची माहिती मात्र पक्की असू शकते. पैठणीचा पदर उलटून, मागे सुटे धागे दिसले की ही मशीनची, हे तो अचूक सांगेल. बिघडतं ते पुढे: ती नेसलेल्या बाईकडे बघून नाक मुरडतो.

व्याकरणही बघा. स्नॉब हे नाम, तेही माणसापुरतं. प्रिटेन्शस हे विशेषण. लेख, सिनेमा, मेन्यू कशालाही लागतं. संभाजीनगरातल्या एखाद्या हॉटेलाने भाकरी-ठेचा 'आर्टिझनल मिलेट प्लॅटर' म्हणून विकला, तर मेन्यू प्रिटेन्शस. त्याला स्नॉब म्हणता येणार नाही. फार तर स्नॉबिश. आणि 'तो एक प्रिटेन्शस आहे' ही चूक फार होते. 'एक' काढला की वाक्य बरोबर.

गंमत म्हणजे 18व्या शतकात स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा. केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या सामान्य लोकांना हिणवायला तो वापरत. वरच्यांची नक्कल करणारा हा अर्थ 19व्या शतकातला, खालच्यांना तुच्छ लेखणारा त्याहून नंतरचा.

नवी बुलेट घेऊन गल्लीत चकरा मारणाऱ्याला मात्र दोन्ही लावू नका. गाडी त्याची स्वतःची आहे, कुणाला कमीही लेखत नाही. तो नुसती शायनिंग मारतोय.