गायकाविना गाणारी गिटार : जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो'

जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम १९७५ च्या मार्चमध्ये एपिक रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. तोवर यार्डबर्ड्स, रॉड स्टुअर्ट गायक असलेला जेफ बेक ग्रुप आणि बेक, बोगर्ट अँड अपीस असे तीन बँडचे संसार मोडून झालेल्या या इंग्लिश गिटारवादकाने अखेर गायकाची खुर्चीच काढून टाकली. 'शीज अ वुमन' या बीटल्सच्या गाण्यात टॉक बॉक्समधून, म्हणजे गिटारचा आवाज नळीने तोंडात नेऊन त्याला शब्दांचा आकार देणाऱ्या यंत्रातून, गिटार थोडेफार बोलते, तेवढेच. एरवी केवळ वाद्यसंगीत असलेला रॉक अल्बम कोण विकत घेणार, अशी शंका घेणाऱ्यांना बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीतील चौथ्या क्रमांकाने उत्तर दिले आणि अमेरिकेत पुढे तो प्लॅटिनमही (दहा लाख प्रतींचा मान) झाला.

या यशाचे श्रेय एकट्या बेकचे नाही. निर्माता जॉर्ज मार्टिन हा बीटल्समुळे सर्वांना ठाऊक असला, तरी आदल्याच वर्षी त्याने जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा 'अपोकॅलिप्स' हा अल्बम केला होता, आणि जॅझ व रॉक यांची सांगड घालण्याचा तो अनुभव येथे स्पष्ट ऐकू येतो. कीबोर्डवर मॅक्स मिडलटन, बासवर फिल चेन आणि ड्रम्सवर रिचर्ड बेली अशी मोजकी मंडळी आहेत. त्यातही बेलीचा हात इतका हलका आहे की फंक या ठेकेदार नृत्यसंगीताची लय कोठेही जड होत नाही. 'स्कॅटरब्रेन'मध्ये नऊ मात्रांचे चक्र भन्नाट वेगाने फिरत असताना व्हायोलिनांचा ताफा त्यावर उतरतो, आणि तो तेथे शोभतोही.

मात्र अल्बमचा प्राण तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभी आहे. 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' ही स्टीव्ही वंडरची रचना. ती आधी सिरीटा राइटने गायली होती. बेक तार आधी छेडतो आणि गिटारवरची आवाजाची कळ नंतर हलकेच उघडतो, त्यामुळे आघात ऐकूच येत नाही; स्वर जणू श्वास घेऊन वर येतो. पुढे तार ताणून तो ज्या तऱ्हेने एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो, त्याला मींड म्हणण्याचा मोह आपल्या कानांना आवरत नाही. ही रचना त्याने रॉय ब्यूकॅनन या अमेरिकन गिटारवादकाला अर्पण केली आहे.

तक्रार करायचीच, तर ती शेवटच्या 'डायमंड डस्ट'बद्दल आहे. बर्नी हॉलंडची ही पाच मात्रांची रचना मुळात सुंदर आहे. परंतु मार्टिनने तंतुवाद्यांचा पाक इतका घट्ट केला आहे की गिटार त्यात अडकून पडते. मिडलटनच्या 'फ्रीवे जॅम'मधील रांगडेपणानंतर तर हा गोडवा अधिकच खटकतो.

फोनवर ऐकणाऱ्यांनी क्रम विस्कटण्याची (शफल) सोय मात्र बंद ठेवावी. पहिल्या बाजूच्या रचना एकमेकींत मिसळत जातात, आणि 'एअर ब्लोअर' विरघळून 'स्कॅटरब्रेन' सुरू होतो ती जागा मधूनच तुटली, तर अर्धी मजा तेथेच जाते.