जुन्या फोर बाय फोरची पेटी: जिप्सीला काय, महिंद्राला काय

पांदणीने वावरात जाऊन संध्याकाळी परत येणं वेगळं, आणि आलापल्लीहून भामरागडकडे किंवा परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघणं वेगळं. वावरात गाडी बंद पडली तर फोन लागतो, कुणाचा तरी ट्रॅक्टर टोचन करून गावापर्यंत आणून सोडतो. जंगलाच्या रस्त्यावर रेंज नसते आणि मिस्त्री पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून जुन्या गाडीत काय ठेवावं याची एकच यादी सगळ्यांना लागू पडत नाही. इथे आपल्याकडच्या दोन जुन्या गाड्या समोरासमोर ठेवल्या आहेत: पेट्रोलवरची मारुती जिप्सी आणि डिझेलवरची महिंद्रा जीप, म्हणजे एमएम ५४०, मेजर आणि त्यांची भावंडं.

कोणताही पार्ट पेटीत टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. तो गेला तर गाडी जागेवर थांबते का? सोबतच्या पान्यांनी तो झाडाखाली बसवता येतो का? आणि तो जवळच्या तालुक्याला मिळत नाही का? पहिल्या दोन्हीला 'हो' हवंच, तिसऱ्यालाही 'हो' आलं तर जागा आधी द्या. जिप्सीचा टायमिंग बेल्ट पहिल्या प्रश्नात पास होतो, दुसऱ्यात नापास. त्याला पेटीत ठेवून उपयोग नाही, तो वेळेवर घरीच बदलायचा. क्लचप्लेटचंही तेच.

तिसऱ्या प्रश्नावर दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. महिंद्राच्या डिझेल गाड्या वर्षानुवर्षं प्रवासी वाहतुकीत आणि शेतीच्या कामात धावल्या, त्यामुळे फिल्टर, बेल्ट, शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस, होज असा माल तालुक्याच्या दुकानातही सापडतो. जिप्सीसाठी बहुतेक वेळा नागपूर किंवा अमरावती गाठावं लागतं. त्यातही १९८५ पासूनची ९७० सीसी, १९९६ ची १३०० सीसी कार्बोरेटरवाली किंग आणि २००० नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) यांचे इंजिनाचे बरेच पार्ट एकमेकांना चालत नाहीत. दुकानदाराला फक्त 'जिप्सीचा द्या' म्हटलं की चुकीचा डबा हातात पडतो. म्हणून जिप्सीवाल्याने पार्ट जास्त ठेवावेत आणि महिंद्रावाल्याने हत्यारं जास्त ठेवावीत, असं आमचं सरळ मत आहे.

पाने: मिलिमीटर की इंच

जिप्सी सगळी मिलिमीटरची. ८, १०, १२, १४, १७, १९ हे रिंग आणि फिक्स पाने, १०-१२-१४-१७ च्या गोट्या (सॉकेट), स्पार्क प्लगचा पाना आणि व्हील पाना एवढ्यात रस्त्यावरचं जवळपास सगळं काम होतं.

जुन्या महिंद्रा जीपचं तसं नाही. चेसिस आणि अॅक्सल जुन्या अमेरिकन विलीज जीपच्या वळणाचे, त्यामुळे तिथे इंचाचे बोल्ट, आणि इंजिनावर मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. ९/१६ म्हणजे १४.३ मिमी, तिथे १४ चा शिरतच नाही. ३/४ ला १९ चालून जातो, ५/८ ला १६ बऱ्यापैकी बसतो. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने मात्र इंचातलेच घ्या. त्यांना दुसरा पर्याय नाही.

बाजारात प्लास्टिकच्या डब्यात मिळणारा ४६ नगांचा गोटी सेट दिसायला भरगच्च असतो, पण तो पाव इंची चौकटीचा आणि साधारण १४ मिमीपर्यंतचाच असतो. डॅशबोर्ड आणि क्लिपांसाठी ठीक. यू-बोल्टवर किंवा शॉकअपच्या नटावर त्याचा दांडा वाकतो. त्याच पैशात आठ-दहा चांगले सुटे रिंग पाने, एक अर्धा इंची दांडा आणि त्यावर चढवायला दीड-दोन फूट पाईपचा तुकडा घ्या. सोबत पक्कड, वाईस ग्रिप, दोन पेचकस, एक किलोची हातोडी, छिन्नी आणि टेस्टलॅम्प.

एक गोष्ट महिंद्रावाल्यांनी घरीच तपासावी. काही जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात आणि स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला असतो. माहीत नसलं की माणूस नट सोडवतोय असं समजून आवळत जातो आणि स्टड तोडतो.

इंजिन कशाने थांबतं

| | जिप्सी, पेट्रोल | महिंद्रा, डिझेल |
|---|---|---|
| इंधन | फिल्टर १, पेट्रोलचा होज १ मीटर, क्लिपा ४ | फिल्टर एलिमेंट २ रबरी रिंगांसह, तांब्याचे वायसर ६, होज १ मीटर |
| करंट | प्लग ४, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर, सर्वांत लांब प्लग वायर १, कॉइल. एमपीएफआयला पंपाचा रिले | पंपाच्या सोलेनॉइडसाठी (डिझेल सुरू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) २ मीटर वायर क्लिपांसह |
| पाणी | फॅनबेल्ट १, वरचा होज १ | फॅनबेल्ट १, वरचा होज १ |
| क्लच | केबल १ | केबल असेल तर १ |

पेट्रोल गाडी बहुतेक वेळा करंटमुळे थांबते. नाल्यातून गेल्यावर बंद पडली तर आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, आतून कोरड्या कपड्याने पुसा, प्लगच्या वायरी पुसा. एवढ्यावर ती बहुतेक वेळा सुरू होते, आणि एवढं करून होईपर्यंत बाकी काही उघडू नका. उन्हाळ्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कार्बोरेटरच्या जिप्सीत वेगळाच त्रास होतो. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला जावं तर लाईनमधल्या पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप ओढत नाही. बॉनेट उघडा, इंधन पंपावर आणि लाईनवर ओला कपडा ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पार्ट बदलण्याची गरज नाही. एमपीएफआयचा पंप टाकीत असतो, तो रस्त्यावर बदलण्यातला नाही. म्हणून तिथे फ्यूज आणि रिले, एवढंच.

डिझेल गाडी बहुतेक वेळा हवेमुळे किंवा कचऱ्यामुळे थांबते. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल भरणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये पाणी आणि गाळ येतोच, म्हणून एलिमेंट दोन. हवा काढण्याची कृती अशी:

१. फिल्टर आणि पाईपच्या जोडांभोवतीची माती पुसा. कुठे ओलसर डाग असेल तर हवा तिथूनच शिरली आहे. तो जोड आवळा किंवा वायसर बदला.
२. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड आटा सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय डिझेल. हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा.
३. तरी सुरू झाली नाही तर दोन इंजेक्टरांच्या पाईपचे नट अर्धा आटा सैल करा, बहुतेक ठिकाणी १७ चा पाना लागतो. सेल्फ दहा सेकंद मारा. डिझेल उसळायला लागलं की आवळा. त्या धारेसमोर बोट धरू नका, तो दाब कातडीत डिझेल घुसवतो.

पंपावर सोलेनॉइड असेल आणि हवा नसतानाही डिझेल पुढे जात नसेल, तर त्याची वायर तपासा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सरळ वायर दिली की इंजिन चालतं. बंद करताना तीच वायर ओढायची.

क्लच केबल तुटली आणि जोडीला दुसरी नसेल, तर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि सेल्फ मारा. गाडी धक्क्याने निघते. सपाट रस्त्यावर गाव गाठता येतं, घाटात हा प्रयोग करू नका.

टायर: ट्यूब की ट्यूबलेस

विदर्भात पंक्चर म्हणजे बाभळीचा आणि बोरीचा काटा. ट्यूबलेस टायरला रबरी वातीचा किट पुरतो. टोच्या, सुई, दहा वाती, काम पंधरा मिनिटांचं. ट्यूबच्या टायरला, म्हणजे ६.००-१६ सारख्या जुन्या मापाला, वात चालत नाही. तिथे अठरा इंची दोन लिव्हर, एक नवी ट्यूब, पॅच, सोल्यूशन, व्हॉल्व्हचे चार कोर आणि कोर काढायची चावी लागते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवाच, कपडा गुंडाळून. काट्याचं टोक आत तुटून राहतं आणि दोन-चार किलोमीटरवर नव्या ट्यूबचाही तोच हाल होतो. ट्यूबच्या टायरची सवय असलेला माणूस सोबत असेल तर ट्यूब चालवा. नसेल आणि रिम त्या जोगा असेल तर ट्यूबलेस करा, त्रास निम्म्याने कमी होतो.

हवेसाठी पायपंप कधी दगा देत नाही, पण मोठा टायर भरताना घाम काढतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्यायचा तर लायटरच्या सॉकेटमधला नको, बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. जुन्या गाडीच्या सॉकेटची वायरिंग त्याचा करंट झेपवत नाही आणि फ्यूज उडतो. इंजिन चालू ठेवा, दहा मिनिटांनी त्याला विश्रांती द्या. दोन्ही गाड्यांना आमची पसंती: कॉम्प्रेसर वापरायला, पायपंप शिल्लक म्हणून.

जॅक

इथे खर्च करा. काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक गाडी उचलत नाही, स्वतः खाली जातो. म्हणून जॅक कोणताही असो, खाली एक फूट बाय एक फूट आणि दीड इंच जाड सागवानी फळी हवीच.

कंपनीचा कात्री जॅक हलका असतो, पण वीस-पंचवीस वर्षं जुन्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका. उंच दांड्याचा शेती जॅक गाडीला चिखलातून वर काढतो, मात्र त्याला धरायला मजबूत लोखंडी बंपर लागतो, वजन तेरा किलोच्या आसपास असतं आणि दांडा हातातून सुटला तर जबडा फोडतो. तीन ते पाच टनाचा हायड्रॉलिक बाटली जॅक या दोन्हीपेक्षा बरा. दोन्ही गाड्यांना पाटे आहेत, म्हणून जॅक पाट्याजवळ अॅक्सलखाली लावा, चाक लगेच उचललं जातं. आधी पंक्चर टायरवर अॅक्सलखाली किती जागा उरते ते मोजा, कारण बाटली जॅक बंद असतानाही अठरा-वीस सेंटिमीटर उंच असतो. प्रवासात तो उभाच बांधा, आडवा पडला की तेल झिरपतं.

काही जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी), तिच्या मागच्या ड्रमवर असतो. अशा गाडीचं मागचं एकच चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे दुसरं चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. त्यामुळे दोन लाकडी ठोकळे पेटीत हवेत आणि ते उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावायचे. मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला तर शाफ्ट काढून, फोर व्हील टाकून पुढच्या चाकांवर हळूहळू गाव गाठता येतं. पण शाफ्टवर बसणारा हँडब्रेक मग मागच्या चाकांना धरत नाही, हे उतारावर गाडी थांबवण्याआधी लक्षात ठेवा.

बॅटरी आणि ओढून काढणं

जम्प केबल घ्यायची तर २५ चौरस मिमी तांब्याची, तीन मीटर. लिथियमचा छोटा जम्प स्टार्टर जिप्सीला पुरतो, पण अडीच लिटरच्या डिझेलला ताकदवान घ्यावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीतली उष्णता त्याची बॅटरी खराब करते. केबलचा फायदा असा की ट्रॅक्टर कुठेही सापडतो आणि त्याचीही बॅटरी बारा व्होल्टचीच असते. ट्रक आणि एसटी चोवीस व्होल्टच्या. त्यांच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच करंट घ्या, नाहीतर वायरिंग जळेल.

ओढण्यासाठी पाच-सहा मीटरचा पॉलिस्टरचा चपटा पट्टा आणि दोन डी-शॅकल (डी आकाराच्या लोखंडी कड्या). नायलॉनचा दोर गाठीवर कमजोर होतो. वायररोप तुटला तर चाबकासारखा परततो, म्हणून वापरावाच लागला तर मधोमध ओलं पोतं टाका आणि बघ्यांना लांब ठेवा. पट्टा चेसिसच्या हुकला लावा, बंपरला नाही. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, पहिला गिअर, सरळ रेषेत, झटका नको. सब्बल आणि फावडं दोन्ही गाड्यांना लागतं.

पातळ सामान

पाणी दहा लिटर, इंजिन ऑइल एक लिटर, सीलबंद ब्रेक ऑइल अर्धा लिटर. उघडलेली बाटली हवेतली ओल ओढते, ती घाटात वापरू नका. रेडिएटरला बारीक गळती लागली तर हळद टाकण्याची युक्ती चालते, पण ती नळ्याही बुजवते. घरी पोहोचलं की रेडिएटर धुवून घ्या. टाकीच्या गळतीवर साबणाची वडी घासा, वर एम-सील.

पार्ट पेटीत जाण्याआधी एकदा घरी गाडीवर बसवून पाहा. त्याहून चांगली पद्धत अशी: नवा बेल्ट, नवी केबल गाडीला लावा आणि उतरवलेला चालू पार्ट पेटीत ठेवा. तो बसतो हे आधीच सिद्ध झालेलं असतं. गोटी, प्लग, रिले वेगवेगळ्या कापडी थैल्यांत, जड सामान तळाशी, पेटी मागच्या सीटच्या पायाला पट्ट्याने आवळलेली. जून लागला की उन्हाळ्यातला जादा पाण्याचा कॅन उतरवा आणि त्या जागी दुसरी फळी, दोन पोती आणि ओलावा उडवणारा स्प्रे ठेवा.