चायनाहून मशीन मागवताय? सीआयएफ रेट बघून हुरळून जाऊ नका, माझं काय झालं ते वाचा

आमचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटा गाळा आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चिवडा, मसाले आणि थोडाफार बेदाणा पॅकिंग करतो. गेल्या वर्षीपर्यंत सगळं हातानेच चालायचं, वजनकाट्यावर तोलायचं, पाऊच सील करायचा, दिवाळीच्या आधी तर रात्री अकरा अकरापर्यंत बायका थांबायच्या. म्हणून ठरवलं की वजन करून पाऊच भरणारं छोटं मशीन घ्यायचं. इकडे चौकशी केली तर रेट झेपेना, मग ऑनलाईन बघत बघत चायनाचा एक सप्लायर सापडला. व्हॉट्सॲपवर बोलायला एकदम गोड, प्रत्येक मेसेजला सिस्टर सिस्टर, व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून दाखवलं. इथपर्यंत सगळं खरंच होतं, मशीनमध्ये फसवणूक नाही झाली हे आधीच सांगते. फसवणूक झाली ती भाड्यात, आणि मला ती कळली तेव्हा पेटी न्हावाशेवा बंदरात येऊन पडलेली होती.

त्याने दोन रेट दिले. एफओबी निंगबो ३,१०० डॉलर आणि सीआयएफ न्हावाशेवा ३,१५० डॉलर. आता मला तोपर्यंत एवढंच माहिती होतं की एफओबी म्हणजे तो त्याच्या बंदरात जहाजावर चढवून देणार आणि पुढचं आपण बघायचं, आणि सीआयएफ म्हणजे माल, इन्शुरन्स आणि जहाजाचं भाडं सगळं त्याच्याकडे. इकडे नाशिकमधल्या एका फॉरवर्डरनेही (मालाची वाहतूक ठरवून देणारा) कोटेशन दिलं होतं, एफओबीवर घ्या, ६० डॉलर जहाज भाडं आणि इकडचे सगळे मिळून २२ हजारांच्या आसपास लागतील, त्यावर जीएसटी. मी हिशोब केला, हा माणूस २२ हजार आणि वर ६० डॉलर मागतोय आणि तो चायनावाला फक्त ५० डॉलरमध्ये घरपोच देतोय! (घरपोच हा शब्द माझ्याच डोक्यातला, तो कुठेच म्हणाला नव्हता.) जाऊबाई म्हणाल्या पण, अगं ५० डॉलरमध्ये चायनाहून जहाजाने पेटी कशी येईल, इथून पुण्याला टेम्पो न्यायचा तरी त्यापेक्षा जास्त घेतात. मी म्हटलं जहाजात हजारो कंटेनर असतात, स्वस्तच पडतं. शहाणपणा नडला.

आता जे मला नंतर कळलं ते आधीच सांगते म्हणजे पुढचं समजेल. आपली एकच पेटी असली की ती एलसीएलमध्ये येते, म्हणजे एका कंटेनरमध्ये दहा-वीस जणांचा माल. तिकडचे कन्सोलिडेटर, म्हणजे असा सुटा माल गोळा करून कंटेनर भरणारे, अशा मालासाठी एकमेकांशी इतकी स्पर्धा करतात की जहाजाचं भाडं शून्य लावतात, कधी कधी तर शून्याच्याही खाली, म्हणजे तुझा माल आम्हाला दे, वर तुलाच पैसे देतो. सप्लायर खूश, तो आपल्याला सीआयएफ स्वस्त देऊ शकतो. मग त्या कन्सोलिडेटरला परवडतं कसं? तर त्याचा इकडचा एजंट, नवी मुंबईत बसलेला, तो ते सगळं आपल्याकडून वसूल करतो, डेस्टिनेशन चार्जेस म्हणून. आणि सीआयएफमध्ये एजंट कोण हे आपण ठरवलेलंच नसतं, म्हणून त्याला आपल्याशी रेट ठरवायची गरजच नाही. गिऱ्हाईक आधीच पिंजऱ्यात.

ऑर्डर आषाढात दिली, मशीन श्रावणात तयार झालं. गणपतीच्या गडबडीत सप्लायरने बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल चढवल्याचा कागद) ड्राफ्ट पाठवला, सिस्टर प्लीज कन्फर्म. मी नाव, पत्ता, जीएसटी नंबर आणि आयईसी (आयात-निर्यातीचा) नंबर तेवढा बघितला आणि अंगठा पाठवून दिला. त्याच ड्राफ्टमध्ये मेजरमेंटच्या खाली ३.९ सीबीएम लिहिलेलं होतं. त्याच्याच पॅकिंग लिस्टमध्ये पेटीचं माप १४० बाय १०० बाय १६० सेंटीमीटर, म्हणजे २.२४ सीबीएम. दोन्ही कागद माझ्या फोनमध्ये एकाखाली एक होते आणि मी बघितलं नाही. हे लिहिताना आत्ता पण राग येतो, स्वतःचाच.

सीबीएम म्हणजे क्युबिक मीटर, लांबी रुंदी उंची मीटरमध्ये घेऊन गुणायची बस. एलसीएलमध्ये बिल डब्ल्यू/एम वर लागतं, एक टन वजन किंवा एक सीबीएम, जे जास्त असेल ते. माझी पेटी ४२० किलोची, म्हणजे वजनाने अर्धा टन पण नाही, त्यामुळे सगळा खेळ सीबीएमवर. आणि अपूर्णांक असला की वरचा पूर्ण आकडा धरतात असं एजंटच्या टॅरिफमध्ये, म्हणजे रेटपत्रकात, लिहिलेलं होतं, म्हणजे ३.९ चे ४. सव्वादोनच्या जागी चार.

जहाज नवरात्रात लागलं. माझ्या जावेचा मावसभाऊ पनवेलला एका सीएचएकडे (कस्टमचं काम करून देणारा एजंट) कामाला आहे, कस्टम क्लिअरन्स त्याच्याकडेच दिलं होतं आणि तोच माझा देव ठरला. एजंटने अरायव्हल नोटीस पाठवली ती जहाज लागून गेल्यावर दुसऱ्या दिवशी! बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा फॉर्म, जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत फाईल करावी लागते, उशीर झाला की पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि त्यापुढे रोजचे १०,००० कस्टमला भरायला लागतात. नोटीशीची वाट बघत बसलो असतो तर तो पण भुर्दंड बसला असता, पण ह्या दादाने जहाज आधीच ट्रॅक केलेलं म्हणून वाचलो.

अरायव्हल नोटीशीसोबत बिल आलं. मी गाळ्यात उभी राहूनच वाचलं आणि खाली बसले. डीओ फी ८,५००, टीएचसी (टर्मिनलवरची हाताळणी) सीबीएमला ३,८०० प्रमाणे १५,२००, डी-कन्सोलिडेशन (कंटेनरमधला माल वेगळा करणं) ४,२०० प्रमाणे १६,८००, सीएफएस (कंटेनर उघडून माल ठेवतात ते गोडाऊन) हँडलिंग २,९०० प्रमाणे ११,६००, डॉक्युमेंटेशन आणि करन्सी ॲडजस्टमेंट ६,४००, कसला तरी इम्बॅलन्स सरचार्ज १६० डॉलर आणि तो डॉलर त्यांनी ९० रुपयांनी लावलेला (त्या दिवशी बँकेत विचारलं तर चार रुपये कमी होता), आणि शेवटी कंटेनर डिटेन्शन ९,०००. एकूण ८१,९००, वर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून ९६,६४२ रुपये. मशीन पावणेतीन लाखांचं आणि जहाजाचं भाडं भरलेलं असताना बंदरातून सोडवायला लाखाच्या जवळ.

मी लगेच एजंटला फोन केला. म्हटलं अहो बीएलवर फ्रेट प्रीपेड छापलंय, मग हे काय? पलीकडची मुलगी एका सुरात, मॅडम फ्रेट प्रीपेड आहे, डेस्टिनेशन चार्जेस कन्साईनीच्या (म्हणजे माल घेणाऱ्याच्या) अकाउंटला असतात, ॲज पर टॅरिफ. म्हटलं टॅरिफ मला आधी कुणी दाखवलं? तर म्हणे मॅडम तुम्ही आमचे कस्टमर नाही, शिपर आमचे कस्टमर आहेत. म्हणजे पैसे मी द्यायचे आणि कस्टमर तो.

दादाला बिल व्हॉट्सॲप केलं. तो फोनवर हसायलाच लागला.

"ताई, डिटेन्शन कशाचं लावलंय ह्यांनी? कंटेनर तुझ्या गाळ्यावर आलाय का?"

"नाही, कंटेनर कुठला, पेटी आहे माझी एक."

"मग! डिटेन्शन म्हणजे कंटेनर आपण बाहेर नेला आणि फ्री दिवसांत रिकामा परत नाही केला तर जहाज कंपनी लावते ते. डिमरेज म्हणजे भरलेला कंटेनर टर्मिनलमध्येच पडून राहिला तर. तुझा एलसीएल माल, कंटेनर सीएफएसला उघडून रिकामा करून त्यांनीच परत दिला. तुझा त्या डब्ब्याशी संबंधच नाही."

हा फरक लक्षात ठेवा, कारण बिलात हे दोन्ही शब्द असे टाकतात की नवीन माणूस घाबरूनच पैसे भरतो. एलसीएलवाल्याला लागू शकतं ते सीएफएसचं ग्राउंड रेंट, म्हणजे माल त्यांच्या गोडाऊनमध्ये फ्री दिवसांपेक्षा जास्त पडला तर. ते मात्र खरं असतं आणि रोज वाढतं.

मी म्हटलं मग पैसे भरतच नाही, काय करतील? तो म्हणाला काही करणार नाहीत, तेच तर. कस्टमने सोडलं तरी सीएफएसवाला डीओशिवाय पेटी देत नाही. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, आणि ती देणार तोच एजंट, कारण माझ्या हातात जो बीएल होता तो हाऊस बीएल, कन्सोलिडेटरने काढलेला. जहाज कंपनीचा मास्टर बीएल त्या एजंटच्या नावावर. म्हणजे जहाज कंपनीच्या लेखी माल त्याचाच, मी कोणीच नाही. थेट जहाज कंपनीला मेल केला होता मी, त्यांनी सभ्य भाषेत हेच कळवलं. आणि ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कस्टमच्या कायद्याप्रमाणे तो लिलावात जाऊ शकतो, हे एजंटच्या मुलीने न विचारता दोनदा सांगितलं.

सहा दिवस भांडले. दादा सीएफएसला टेप घेऊन गेला, पेटी मोजली, फोटो काढले, १४०, १००, १६०. बरोब्बर. एजंट म्हणे हाऊस बीएलवर जे आहे त्याच्यावरच बिल होणार, ड्राफ्ट तुम्ही कन्फर्म केलाय. सप्लायरला विचारलं तर सिस्टर मेजरमेंट फॉरवर्डर करतो, आम्ही नाही, व्हेरी सॉरी, आणि एक रडका इमोजी. तिकडे दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, बायकांना सांगितलेलं की मशीन येतंय, आणि इकडे ग्राउंड रेंटचा मीटर चालू. शेवटी डिटेन्शनचे ९,००० पूर्ण काढले आणि ५,९०० चा डिस्काउंट दिल्यासारखं केलं. ६७,००० आणि जीएसटी धरून ७९,०६० भरले, सीएफएसला ७,३०० वेगळे. जीएसटी क्रेडिटमध्ये वळता होतो म्हणून तो सोडला तरी त्या नाशिकच्या फॉरवर्डरपेक्षा पन्नासेक हजार जास्तच गेले, आणि भाडेवाला टेम्पो कसारा घाट चढून अंबडला आला ते भाडं तर दोन्हीकडे लागणारच होतं.

बिलात आणखी एक मजा होती, डीओ फीच्या पोटात टेलेक्स रिलीज लिहिलेलं. टेलेक्सची मशीनं कधीच भंगारात गेली पण नाव राहिलंय. अर्थ एवढाच की सप्लायरने ओरिजनल बीएल तिकडेच सरेंडर केला, इकडे कागद न दाखवता माल मिळेल. काम एका ईमेलचं. नाव ऐकून मला वाटलं काहीतरी मोठी सर्व्हिस असेल.

आणि इन्शुरन्स. पेटीचा एक कोपरा दबलेला निघाला, मशीनच्या पॅनलची काच तडकलेली. सीआयएफमध्ये आय म्हणजे इन्शुरन्स ना, म्हटलं क्लेम करू. तर सीआयएफमध्ये सप्लायरवर बंधन फक्त सगळ्यात खालच्या कव्हरचं असतं, क्लॉज सी म्हणतात, त्यात आग लागणं, जहाज बुडणं, आपटणं असले मोठे प्रकार येतात, हाताळताना लागलेला मार नाही. आणि त्याहून कहर म्हणजे सीआयएफ असला तरी माल निंगबोला जहाजावर चढला त्या क्षणापासून जोखीम माझी. भाडं त्याने भरलेलं, नुकसान माझं. हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, इन्कोटर्म्स म्हणतात, १९३६ पासून आहेत आणि सध्या २०२० ची आवृत्ती चालू आहे, अकरा टर्म्स आहेत. मी मराठीत तक्ता करून गाळ्यात चिकटवलाय. काच सातपूरला बसवून घेतली, ८०० रुपये.

नाशिकमधून आता बरेच जण छोटी मशीनं मागवतायत, दिंडोरी-निफाडकडचे बेदाणावाले पण विचारत असतात, म्हणून सांगते. सीआयएफ आणि एफओबी रेटमध्ये फरक अगदीच किरकोळ असेल तर सप्लायरला पैसे पाठवायच्या आधी इकडच्या एजंटचं नाव मागा आणि त्याच्याकडून सगळ्या डेस्टिनेशन चार्जेसचा आकडा ईमेलवर लेखी घ्या, सीबीएमला किती, डीओ किती, डॉलर कुठल्या रेटने. नाव देत नसेल तर एफओबीच घ्या आणि आपला फॉरवर्डर लावा. तो हाऊस बीएल काढणार असेल तर डीजी शिपिंगकडचं (सरकारचं जहाज वाहतुकीचं खातं) एमटीओ, म्हणजे मल्टीमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, रजिस्ट्रेशन विचारा, १९९३ च्या कायद्याने ते लागतं. आणि ड्राफ्ट बीएल आला की घरात गणपती असो नाहीतर लग्न असो, पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून सीबीएम जुळवल्याशिवाय अंगठा पाठवू नका. पेटी निघायच्या आधी टेप लावलेला फोटो पण मागवा, तेवढं ते देतात.

मशीन छान चालतंय, दिवाळी निभावली. परवा सप्लायरचा परत मेसेज, सिस्टर न्यू मॉडेल, सीआयएफ स्पेशल प्राईस. मी एवढंच टाईप केलं, एफओबी सांग आणि न्हावाशेवाच्या एजंटचं नाव सांग. निळ्या टिका येऊन चार दिवस झाले.