झिंक जाळीचं पाइल जॅकेट: खाऱ्या पाण्यातल्या खांबांसाठी पैसे वसूल

फ्लोरिडा कीज बेटांवरच्या महामार्गाचे पूल, १९८२ चा सेव्हन माइल ब्रिज धरून, भर समुद्रात उभे आहेत. अशा काँक्रीट खांबांच्या आतल्या सळयांना गंज धरतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. कायम पाण्याखालच्या भागाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तिथे गंज कमी. नुसतं फायबरग्लासचं जॅकेट, म्हणजे खांबाभोवतीचं कवच, घालून आत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलं की तपकिरी ओघळ झाकले जातात, गंज आत चालूच राहतो. ही फसवी दुरुस्ती टाळाच. जॅकेटच्या आत सळयांना जोडलेली झिंक (जस्त) जाळी असेल तर सळईआधी झिंक झिजतं.

बसवण्याआधी कालवं खरवडा, सुटलेलं काँक्रीट काढा. सळया एकमेकींना विजेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत का, हे मीटरने तपासा. सुटी राहिलेली सळई गंजणारच. पाण्याखाली झिंकचा वेगळा ठोकळाही हवा, नाहीतर जाळीचं खालचं टोक लवकर संपतं.